ठेंगूजींचा उजवा कान

अनुया आणि पवन पहिल्यांदा भेटले तेव्हा ती नवरीची आई होती आणि तो नवऱ्याचा बाप. दोघांचीही स्वतःची लग्नं अजून व्हायची होती, ही गोष्ट वेगळी.

त्याचं झालं असं. जयपूरच्या विद्याधर नगरातल्या एका बागेच्या मागच्या अंगाला कडुनिंब आणि शिरीषाची दाट राई होती. बागसमितीला कुणीतरी परदेशातले फोटो दाखवले आणि तिने त्या राईतून एक वळणावळणाची पायवाट काढून तिचं नाव ठेवलं ‘परी-पथ’. झाडांच्या बुंध्यांना वीतभर उंचीची रंगीत दारं. दारांना चिमुकल्या पितळी कड्या. फांदीवर चष्मा लावलेलं घुबड आणि जागोजागी सिमेंटची भूछत्रं. वाटेच्या तोंडाशी पाटी होती : ‘परियों को दाना न डालें।’

पुढे एका वळणावर हातात कंदील घेऊन एक ठेंगू उभा होता. कारागिराने त्याला स्वतःच्या मनाने केशरी साफा बांधला होता, मिशांना पीळ दिला होता. कान मात्र फोटोबरहुकूम ठेवले होते, लांब आणि टोकदार. मुलं त्याला आदराने ठेंगूजी म्हणायची. त्याच्या बरोब्बर समोर, वाटेच्या पलीकडे, कोरड्या हौदाच्या काठावर जलपरी बसली होती. जंगलात जलपरी कशाला, असं कुणी विचारत नसे. जयपुरात पाणी असं कितीसं, ती बिचारी जाणार तरी कुठे!

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी अनुया मराठी मंडळाच्या वर्गातली मुलं घेऊन एका फाटकाने आत शिरली. एरवी ती सांगानेरला कापडछपाईच्या कारखान्यात ठशांची नक्षी काढायची आणि रविवारी या मुलांना मराठी शिकवायची. मुलं ‘हो’ मराठीत म्हणत आणि बाकीचं सगळं हिंदीत. त्याच वेळी दुसऱ्या फाटकाने रेल्वे कॉलनीची मुलं येत होती. त्यांच्यापुढे निळा स्वेटर घातलेला एक उंच तरुण गळ्यातली शिट्टी वाजवत चालला होता. त्याने मुलांना डब्यांसारखं एकमेकांना जोडलं होतं. शेवटच्या मुलीच्या हातात लाल रुमाल होता.

दोन्ही गाड्या जलपरीसमोर येऊन थडकल्या.

“पहले हम आए!”

“हमने दूर से देख लिया था!”

“दूर से तो चाँद भी दिखता है, तुम्हारा हो गया क्या?”

“काय शहाणा समजतो स्वतःला,” अनुयाच्या वर्गातली सुरुची पुटपुटली. सुरुचीचं वय आठ आणि रुबाब साठीचा.

“शहाणी तूच!” पलीकडून उत्तर आलं. मराठीतून.

मग भांडणाला खरा रंग चढला, कारण आता ते घरातलं झालं होतं. शेवटी सुरुचीनेच हात वर केला. “हे बघा, जलपरी आमची आणि ठेंगूजी तुमचे. दोघांचं लग्न लावून टाकू. परवा मंडळात तुळशीचं नाही का लावलं? मोठ्यांनी बोलणी करा.”

मोठी माणसं म्हणजे अनुया आणि तो निळा स्वेटर. तो पुढे आला आणि त्याने गंभीरपणे हात जोडले.

“नमस्कार. मी पवन. मुलाकडचा.”

“मी अनुया. मुलीकडची.” तीही गंभीर झाली. “मुलगा काय करतो?”

“उभा राहतो.”

“कायमचा?”

“परमनंट. हलवूनसुद्धा हलत नाही.”

“उंची जरा कमीच वाटते.”

“मुलीला पाय नाहीत, आम्ही काही बोललो का?”

अनुयाने ओठ दाताखाली धरले. “आमची मुलगी पोहते.”

पवनने हौदात डोकावून पाहिलं. तळाशी शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाजत होत्या. “कुठे?”

“संधी मिळाली नाहीये अजून.”

“मतलब... गुणी आहे, पण घरच्यांनी दाबून ठेवलंय.” त्याने मान हलवली. “आम्हाला स्थळ पसंत आहे, विहीणबाई.”

लग्न लागलं. अक्षता म्हणून डब्यातले चुरमुरे आले. अंतरपाट म्हणून अनुयाची नारिंगी बांधणीची ओढणी आली. एक टोक तिने धरलं, दुसरं पवनने. मंगलाष्टकं कुणालाच येत नव्हती, म्हणून नुसतंच ‘शुभमंगल सावधान’ झालं, आणि ते पुरेसं सावध वाटेना म्हणून तीनदा झालं. रेल्वे कॉलनीतल्या अर्ध्या मुलांनी आपल्या घरच्या बौद्ध लग्नांत ऐकलेलं ‘साधू, साधू, साधू’ म्हटलं. मग चुरमुरे उडाले, टाळ्या वाजल्या आणि ओढणी खाली आली.

वधूवरांना डोळे रंगवलेले होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलंच असणार. पण ओढणीची टोकं धरलेली दोन माणसंही एकमेकांकडे पाहत राहिली. पवनच्या केसात एक चुरमुरा अडकला होता. तो काढावा असं अनुयाला फार वाटलं... आणि वाटलं म्हणूनच तिने हात मागे घेतला.

“थांबा!” सुरुची ओरडली. “कानपिळी राहिली! नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो. म्हणजे तो बहिणीला नीट सांभाळतो.”

भाऊ म्हणून प्रथमेश पुढे झाला. प्रथमेशला कुठलंही काम मनापासून करायची सवय होती. त्याने ठेंगूजींचा उजवा कान धरला, “माझ्या बहिणीला नीट सांभाळा,” म्हणाला आणि पिळला.

कान हातात आला.

नवऱ्याने हूं की चूं केलं नाही. यावरून मुलगा खरोखरच गुणी आहे, हे मुलीकडच्यांना पटलं.

“ओ, यो कांई कर दियो!” काठी आपटत चौकीदार गोपीनाथजी धावत आले. “किसने तोड़ा?”

“मैंने,” अनुया म्हणाली.

“मैंने,” पवनही त्याच क्षणी म्हणाला.

गोपीनाथजींनी एकदा कानाकडे आणि दोनदा त्या दोघांकडे पाहिलं. “एक कान, दो तोड़ने वाले,” ते म्हणाले. “तो जोड़ने भी दोनों आना. अगले इतवार.”

त्या संध्याकाळी अनुया घरी गेली ती गुणगुणतच. तिचे बाबा, शामराव, दिवाणखान्यात चष्मा कपाळावर ठेवून बसले होते. बँकेतल्या माणसाचा चष्मा कपाळावर गेला की समजावं, बदलीची ऑर्डर आली.

“नांदेड,” ते म्हणाले. “होळी झाली की निघायचं. तिथे तुलाही काहीतरी काम मिळेलच. इथे एकटी कुठं राहणार?”

“हो बाबा,” अनुया म्हणाली. ती नेहमीच ‘हो’ म्हणायची. आई गेल्यापासून बापलेक असेच गावोगाव फिरत आले होते. साताऱ्यातून निघाल्यावर किती गावं झाली, किती शाळा झाल्या. दर वेळी एखादी मैत्रीण जीव लावायची आणि दर वेळी दारात ट्रक उभा राहायचा. तेव्हापासून तिने स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती : ट्रकमध्ये मावत नाही अशा कशातही जीव अडकवायचा नाही. जयपुरात तीन वर्षं तिने ही शिस्त पाळली. सांगानेरच्या कारखान्यात ओल्या कापडाच्या वासात उभं राहून आपल्या नक्षीचा पहिला ठसा उमटताना तिने पाहिला, त्या दिवशीच शिस्तीला जराशी चीर गेली होती. पण चिरेकडे बघायचं नाही, हाही शिस्तीचाच भाग होता.

पुढच्या रविवारी दोघांनी सिमेंट सांधायचा दोन पुड्यांतला मसाला मळून कान चिकटवला. त्याच्या पुढच्या रविवारी तो वाकडा दिसला, म्हणून काढून पुन्हा चिकटवला. मुलं अवतीभवती परीच्या दारांवर टकटक करत हिंडायची, सुरुची नव्या नवरीची चौकशी करायची, आणि व्याही-विहीण मसाला मळत बसायची.

“तुम्ही रेल्वेत नेमकं काय करता?” अनुयाने विचारलं.

“सिग्नल दुरुस्त करतो.”

“आणि ते दुरुस्त होतात?”

“विहीणबाई, लग्नात मानपान राहिला म्हणून आत्ता टोमणे मारताय का?”

“मानपान काय राहिला... साडीसुद्धा नाही मिळाली मला.”

“सूनबाईलाच कुठे मिळाली? अर्धा मासा आहे तो. काय नेसवणार?”

त्याचं मराठी मधूनच अडखळायचं. आजोबा भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले आणि नंतर घरातलं कुणी इथून हललं नाही. त्यामुळे प्रेमाने बोलताना तो मराठीत सुरू करायचा आणि घाई झाली की हिंदीत पोचायचा. “मतलब” हे त्याचं मधलं स्टेशन होतं. तिथे तो बराच वेळ थांबायचा. आणि थांबला की समोर बघत राहायचा... अनुयाला त्या थांब्याची हळूहळू सवय होऊ लागली.

तिसऱ्या रविवारी कान चिकटला. चांगलाच चिकटला. गोपीनाथजींनी काठीने टोकून पाहिला आणि “चोखो,” म्हणाले. सगळ्यांना आनंद झाला. अनुयालाही झाला, पण तो घरी पोचेपर्यंत टिकला नाही.

आता जे सांगायचं आहे ते तिने स्वतःलासुद्धा सरळ कबूल केलं नव्हतं. शुक्रवारी सांगानेरहून परतताना ती बसमधून एक थांबा आधी उतरली, बागेत गेली, ठेंगूजींसमोर उभी राहिली आणि पर्समधलं नेलकटर काढून त्यातल्या पात्याने कानाच्या सांध्यावर थोडंसं... अगदी थोडंसं... खरवडलं. ठेंगूजींनी मिशीआडून पाहिलं. “सॉरी,” ती म्हणाली आणि पळत सुटली.

रविवारी कान खाली पडलेला होता.

इतकं थोडं खरवडून अख्खा कान पडावा, याचं तिला आश्चर्य वाटलं. पवनच्या चेहऱ्यावर मात्र सात्त्विक दुःख होतं. “हवा खराब आहे,” तो म्हणाला. “सिमेंट टिकत नाही आजकाल.”

मग हे दर आठवड्याला होऊ लागलं. डिसेंबर गेला. संक्रांतीला जयपूरचं आभाळ पतंगांनी भरून गेलं, तिळगूळ वाटून झाला, आणि कान काही बसेना.

त्यानंतरच्या रविवारी मावठ आली. राजस्थानातला हा हिवाळी पाऊस येतो तो आगाऊ पाहुण्यासारखा, न कळवता. मुलं खिदळत चौकीदाराच्या खोलीत पळाली, आणि मसाल्याचा गोळा हातात धरून ही दोघं जवळच्या भूछत्राखाली शिरली. भूछत्र दीड माणसाचं होतं.

“तुम्ही आत या,” पवन म्हणाला. त्याचा अर्धा खांदा बाहेर होता.

“मी आतच आहे. तुम्ही या.”

“मी आलो तर मतलब... मग जागाच उरत नाही.”

“उरून करायचीय काय?”

तो आत सरकला. त्याच्या ओल्या स्वेटरला लोकरीचा आणि आल्याच्या चहाचा वास येत होता. पानांवरून थेंब टपकत होते, समोर जलपरीच्या हौदात प्रथमच पाणी साचत होतं. दोघंही मोठ्या आस्थेने हौदाकडे बघत राहिली, कारण दुसरीकडे बघायला मान वळवावी लागली असती, आणि मान वळवायला जागा नव्हती.

“विहीणबाई... कान जोडून झाला, की तुम्ही येणं बंद करणार?”

“काम झाल्यावर कशाला येऊ?”

“मग सावकाश जोडू या.”

अनुयाच्या छातीत काहीतरी सुखाने हललं आणि लगेच घाबरून जागच्या जागी बसलं. तिने हातातला गोळा उगाचच दाबला. “फार सावकाश नाही जमणार. बाबांची बदली झालीय. नांदेडला. होळीनंतर.”

पाऊस पडत राहिला. पवन बराच वेळ मधल्या स्टेशनावर थांबला.

“नांदेडला गाडी जाते,” तो शेवटी म्हणाला. रेल्वेच्या माणसाला सांत्वन यापलीकडे येत नाही.

“जाते ना. मी तीच पकडणार आहे.” तिला हसायचं होतं, पण आवाज भलतीकडे गेला. पवनने हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला आणि तिच्या हातातला गोळा तेवढा काढून घेतला. मसाला वाळून तिच्या बोटांना चिकटला होता, म्हणून तो एकेक बोट सोडवत बसला. एरवी हे काम पटकन होणारं होतं. त्याने ते अजिबात पटकन केलं नाही.

नंतरचा रविवार उजाडला तेव्हा ठेंगूजींच्या साफ्याखाली उजवा कान ताठ उभा होता. आतून लोखंडी सळई, बाहेरून सिमेंट, वरून ताजा रंग. डाव्यापेक्षा देखणा. दोघंही त्याच्यासमोर सुतकी चेहरा करून उभी राहिली.

“समिती वाले आ रहे थे, मैंने करवा दिया,” गोपीनाथजी तंबाखू मळत म्हणाले. “अब हाथी भी नहीं उखाड़ सकता.”

“बहुत... अच्छा किया,” पवन म्हणाला.

“करना पड़ा, साहब. बाईसा शुक्रवार को नेलकटर लेकर आती हैं, आप शनिवार को पेचकस लेकर आते हो. मैं चौकीदारी पूरे बाग की करूँ कि एक कान की?”

एवढं बोलून ते शांतपणे घुबडाकडचा पाचोळा बघायला गेले.

अनुयाचे स्वतःचे दोन्ही कान तापले. तिने हळूच मान वळवली. पवन स्क्रू-ड्रायव्हर लपवावा तसे रिकामे हात पाठीमागे धरून उभा होता.

“पेचकस?” ती म्हणाली.

“नेलकटर?” तो म्हणाला.

“मी थोडंसंच खरवडायचे!”

“मी पूर्ण काढायचो,” त्याने मान खाली घातली. “मला वाटायचं, हा सांधा आपोआप ढिला कसा होतोय. मला वाटलं... मतलब, देवाची इच्छा आहे.”

तिला हसू फुटलं. इतकं, की तिला ठेंगूजींचा खांदा धरावा लागला. हसता हसताच डोळे भरले, आणि हे आता कुठल्या प्रकारचं हसू आहे ते तिचं तिलाच कळेना. पवन हसला नाही. तो जवळ आला.

“अनुया,” पहिल्यांदाच विहीणबाई नाही, नुसतं नाव. “मला नीट बोलता येत नाही. हिंदीत बोललो तर सोपं जाईल, पण तुला... मराठीतच सांगायचंय. मला तू आवडतेस. खूप. तू नांदेडला गेलीस तर मी रविवारी इथे येईन आणि नुसता उभा राहीन. याच्यासारखा. तू जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तुझं घर आहे, बाबा आहेत. पण तुला राहावंसं वाटतं का, हे कुणी विचारलं नसेल तर... मी विचारतोय.”

खरंच कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नव्हतं. इतक्या गावांतून इतके ट्रक भरले, पण राहावंसं वाटतं का, हा प्रश्न कुठल्याच खोक्यात नव्हता. अनुया समोरच्या हौदाकडे बघत राहिली. मावठीचं पाणी अजून टिकून होतं. त्यात एक पान गोल गोल फिरत होतं.

तिने पर्समधून फोन काढला आणि नंबर लावला.

“बाबा, मी नांदेडला येणार नाही.” एका दमात. “मला इथं राहायचंय. माझं काम इथं आहे. आणि... अजून एक कारण आहे.”

पलीकडून शामरावांचा संथ, बँकेतला आवाज आला. “कारण म्हणजे तो कानवाला का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“दोन महिने घरात नेलकटर सापडत नाही. दर शुक्रवारी गायब. आपली मुलगी दर शुक्रवारी नखं कापायला बाहेर जाते, असं कुठला बाप मानेल? रविवारी येतेस ती कानाच्याच गोष्टी सांगत. काय करतो तो?”

“रेल्वेत आहे. सिग्नल दुरुस्त करतो.”

“दोन महिने एक कान बसवता आला नाही, आणि सिग्नल दुरुस्त करतो?” शामराव विचारात पडले. “मी नांदेडला बसने जाईन म्हणतो.”

“बाबा!”

“एकटीने राहणं सोपं नसतं, अनू.” आता आवाज जरा खाली आला होता. “तुला कधी विचारलं नाही मी. मला वाटायचं, माझ्याबरोबर असलीस म्हणजे झालं... घेऊन ये त्याला. आत्ताच आण. पोहे टाकतो.”

मुलांना त्यांच्या त्यांच्या घरच्यांकडे सोपवून दोघं पायीच निघाली. वाटेत पवनची परीक्षेच्या आधीसारखी पाठांतरं चालली होती.

“आधी नमस्कार म्हणू ना? आणि... अनुया, आमच्या घरी जयभीम म्हणतात. तुझ्या बाबांना... मतलब, ते काही...”

“मला नाही माहीत,” ती खरं तेच म्हणाली. “तुझ्या तोंडून जे येईल ते म्हण. पुढचं दोघं मिळून बघू.”

जिन्यात त्याने स्वेटर खाली ओढला, केस सारखे केले, पुन्हा विस्कटले. दार उघडलं. शामराव हातात उलथणं घेऊन उभे होते. पवन पाठ केलेलं सगळं ऐनवेळी विसरला आणि आजीने लहानपणी शिकवलेलं तेवढंच तोंडून आलं.

“जयभीम, काका.”

शामरावांनी त्याच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश, एखाद्या कर्जाच्या अर्जाकडे पाहावं तसं.

“जयभीम,” ते म्हणाले. “आत या. आणि बूट बाहेर काढू नका, इथली माकडं चांगली जोडी बघून नेतात.”

ते पोह्यांकडे वळले. पवन दारातच गोंधळून उभा राहिला, एक बूट पायात आणि एक हातात. अनुया वाकली, तिने त्याच्या हातातला बूट घेतला आणि आतल्या बाजूला, भिंतीला लागून, आपल्या चपलांशेजारी ठेवला.

“दुसरा?” तिने हात पुढे केला.